पुरावा

आमच्या खात्याचं नाव लांबलचक.
त्यात न्याय आहे, संविधान आहे,
आणि शेवटी, दारामागे अडकवलेल्या कोटासारखा, विकास.
मी मात्र म्थाथाच्या कचेरीत, खिडकी क्रमांक चारवर,
मयतांची कागदपत्रं बघतो.

नोक्वाखाबाई चौथ्यांदा आल्या तेव्हा सिस्टिम बंद होती.
वीज दहाला गेलेली, साडेबाराला येईल म्हणत होते.
त्या बसल्या.
त्सोलोहून पहाटेची टॅक्सी धरून आलेलं माणूस
बसायचं हे ठरवूनच येतं.

नवरा साखुम्झी. कार्लटनव्हिलच्या खाणीत एकोणतीस वर्षं.
तिथला दगड फुप्फुसात भरून घरी आला,
दोन हिवाळे खोकला, मग थांबला.
खाणीकडे त्याचे पैसे आहेत.
पैसे बायकोला मिळतील.
बायको कोण, ते मी विचारायचं.

दाखला? नाही.
ओळखपत्रावर नाव बुकीवे आहे.
नोक्वाखा सासरी ठेवलं.
मग बुकीवे कुठे आहे?
(हे मी नाही, रकाना विचारतो.)
तीच आलीय की, म्हणाल्या, भाडं भरून.

लग्न झाल्याचा दुसरा काही पुरावा?
लोबोलाची गुरं. अकरा.
मी लिहिलं: गुरं, ११.
असं नाही, त्या म्हणाल्या,
असं लिहिलंस तर कुठली ते कसं कळणार?

आणि डोळे मिटून सांगू लागल्या,
जणू गोठ्याचं फाटक उघडलंय, एकेक बाहेर पडतंय:
एक तांबडी, कपाळावर चांदणी.
एक बांडी, पोटाखाली दूध सांडल्यासारखी.
एक काबरी, टिटवीचं अंडंच; धारेला बसलं की लाथ.
दोन काळे बैल, जुळे नव्हेत पण चालायचे तसे.
एक मोरी.
एक शिंगमोडी, जिच्यावरून दोन्हीकडचे काके दुपारभर भांडले
आणि वर एक घोंगडी घेऊन ती पूर्ण धरली.
खैरी आणि तिची कालवड.
एक गाभण. ती वाटेत नदीकाठी व्याली;
ते वासरू कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही.

वीज नव्हती म्हणून मी ऐकत राहिलो.
असती तर 'पुढचा' म्हणालो असतो, हे कबूल करतो.

फॉर्मवर ओळ एकच. मी पाठीमागे लिहीत गेलो.
रांग मोडून माणसं जवळ आली.
एक म्हातारा म्हणाला, ती मोरी ना?
तिची खापरपणती माझ्या मेहुण्याकडे आहे, तसलीच हट्टी.
त्याला मी साक्षीदार केलं.
पेन दिलं तर त्याने अंगठा पुढे केला.

दहावर येऊन त्या थांबल्या.
अकरावी?
अकरावी आलीच नाही.
पगार झाला की देतो म्हणाला होता.

मी वरच्या ११ कडे पाहिलं.
खोडावं तर खाडाखोडीवर वरिष्ठांची सही लागते,
वरिष्ठ प्रशिक्षणाला गेलेले.
ठेवावं तर खोटं.
आई, दहा लिहू?

बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, अकराच असू दे.
खाणीचे पैसे आले की मी ती विकत घेणार,
माझ्या भावाच्या गोठ्यात नेऊन बांधणार.
त्याचं देणं आहे, तो देईल.

वीज सव्वाला आली.
पंखा कण्हला, संगणकाने सावकाश डोळा उघडला
आणि विचारलं: संख्या.
मी आकडा टाकला.
रंगाला तिथे जागा नव्हती.

जाताना त्या काचेच्या भोकाशी वाकल्या,
गुपित सांगावं तशा:
ढवळी घेईन म्हणते.